उन्नतीच्या हळदीतला खर्रर्र

पूर्णा गावावरून जायची वेळ आली की मी हल्ली हेल्मेट घालतो. अपघाताची भीती नाही, ओळख पटण्याची आहे. यात एकच गोची झाली. अख्ख्या भिवंडीत स्कूटरवर हेल्मेट घालणारा मी एकटाच असल्यामुळे, "ते बघा, सर चालले" हे लोकांना आता पूर्वीपेक्षा लांबून कळतं. गोदामांच्या रांगेत ट्रकच्या सावलीला बसलेले हमालसुद्धा मला बघून तोंडाने "खर्रर्र" असा आवाज काढतात. त्यातल्या निम्म्यांना मराठी येत नाही, पण खर्रर्रला मराठी लागत नाही.

हा आवाज माझा. म्हणजे मी काही तो घशातून काढलेला नाही, पण पूर्णा गावात आणला मीच, आणि तोही शाल-श्रीफळ घेऊन.

मी शाळेत गणित शिकवतो. शाळेत संगणक आले तेव्हा दोन्हीकडे आकडेच असतात, एवढ्या आधारावर मुख्याध्यापकांनी संगणकखोलीची किल्ली माझ्या हातात दिली. मग मी ठाण्याला जाऊन प्रोग्रॅमिंगचा कोर्स केला आणि त्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. "कपाटात ठेवा," असं नीला, म्हणजे माझी बायको, तेव्हाच म्हणाली होती. भिंतीवर लावलेली गोष्ट लोक वाचतात, हे माझ्या लक्षात आलं नाही.

केसरीनाथ पाटलांनी ते वाचलं. ते मुलीच्या, उन्नतीच्या, लग्नाची पत्रिका द्यायला आमच्या नारपोलीच्या घरी आले होते. उन्नती माझी विद्यार्थिनी. तीही सोबत होती. चहा होईपर्यंत केसरीनाथ फ्रेमसमोर उभे राहिले आणि मागे वळून म्हणाले, "सर, तुमाना कंप्युटरचा आतला पन येतो?"

"थोडंफार," मी म्हणालो. 'थोडंफार' हा शब्द मी ज्या चालीवर म्हणालो, तिचा अर्थ 'सगळं' असा होतो.

मग त्यांनी पिशवीतून एक सीडी काढली आणि हकिकत सांगितली. केसरीनाथांच्या आईला सगळं गाव आक्का म्हणतं. आक्का धवलारीण. आगरी लग्नात प्रत्येक विधीला धवला गायचा असतो आणि तो धवलारीण गाते. हळदीला वेगळा, मांडवाला वेगळा, नवरी निघताना वेगळा. भटजी उशिरा आला तर चालतं, धवलारीण हवी. आक्कांनी पंचक्रोशीतल्या किती नवऱ्या मार्गी लावल्या याचा हिशेब नाही. पण गेल्या वर्षी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली आणि गाणारा गळाही गेला. कसेबसे दोन शब्द बाहेर पडत. आणि आता घरातच लग्न निघालं होतं, तेही लाडक्या नातीचं.

त्या धडधाकट असताना ठाण्यातल्या एका हौशी स्टुडिओवाल्याने त्यांचे धवले रेकॉर्ड करून ठेवले होते. तो पुढे दुबईला गेला आणि जाताना ही सीडी देऊन गेला. सीडीवर एकच भली मोठी फाइल होती. तिला डिस्क इमेज म्हणतात. अख्ख्या घराचं सामान एकाच ट्रंकेत भरून कुलूप लावावं, तसं त्याच्या यंत्रातली सगळी डिस्क त्या फायलीत भरलेली. ती कुणालाच उघडत नव्हती.

"सर," उन्नती म्हणाली, "हळदीला मला आजीचा आवाज पाहिजे. दागिने कमी करा बोलले मी पप्पांना. पण आजीचा आवाज पाहिजे."

वर्गात ही मुलगी कधी काही मागायची नाही. बरोबर उत्तर आलं तरी हात वर करायची नाही.

"हुईल का, सर?" केसरीनाथांनी विचारलं.

"त्यात काय!" मी म्हणालो.

माझा चहा संपायच्या आत केसरीनाथांनी मोबाइल काढून वळ गावी कुणाला तरी फोन लावला. "पार्वती आते, केसरी बोलतंय. हळदीला बसाया या. गायाचा तरास न्हाय तुमाना. आमच्या सरांनी आक्काचा आवाज काढला हाय." काढला हाय! अजून सीडी टीपॉयवर होती. मी हाताने 'थांबा' अशी खूण करायला गेलो, पण त्या हातात बिस्किट होतं.

आता थोडं शास्त्र. कंटाळा येईल, पण मला सध्या त्यातच लपायला बरं वाटतं. मोठा आकडा संगणकाच्या एका खणात मावत नाही. मग तो त्याचे तुकडे करून शेजारशेजारच्या खणांत ठेवतो. काही जातीची यंत्रं थोरला तुकडा आधी ठेवतात, काही धाकटा आधी. दोन्ही पद्धती बरोबर. फक्त एकाने ठेवलेलं दुसऱ्याने वाचलं की घोळ होतो. स्टुडिओवाल्याचं यंत्र थोरला आधी ठेवणारं होतं, माझं धाकटा आधी. त्यामुळे ही डिस्क केवढी, असं विचारल्यावर माझ्या संगणकाने जो आकडा सांगितला, तेवढ्या डिस्का ठेवायला तालुक्यातली सगळी गोदामं रिकामी करावी लागली असती. फायलींवर तारीख होती एकोणीसशे चारची. तेव्हा आक्कांची आईसुद्धा रांगत असेल.

हे मी केसरीनाथांना फोनवर समजावून सांगितलं. मला वाटलं, त्यांना काही कळणार नाही आणि मुदत वाढवून मिळेल.

"म्हंजे पत्रिकेत थोरल्याचा नाव आदी का धाकट्याचा, त्योच लफडा ना?" ते म्हणाले.

"अगदी तोच."

"मंग जपून, सर. आमच्या दोन चुलत्यांनी त्याच्यावरून अजून एकमेकांचा तोंड बगितला न्हाय."

मी मोठ्याने हसलो. हसायला नको होतं.

इंटरनेटवर अशा डिस्क इमेजी उघडणारा एक फुकट प्रोग्रॅम मला सापडला. पोलंडमधल्या व्होइचेख नावाच्या गृहस्थाने तो लिहून जगासाठी खुला ठेवला होता. ज्याला जमेल त्याने दुरुस्त करावा आणि दुरुस्ती त्याला कळवावी, अशी पद्धत. पण तो थोरला-आधीवाल्या यंत्रांसाठीच लिहिलेला होता. आमच्या यंत्रासाठी त्यात जागोजागी उलटसुलट करणं भाग होतं.

ही बातमी बिल्डिंगमध्ये पसरायला वेळ लागला नाही. आमच्याकडे खाली कापडाच्या लूमचा खडखडाट चालू असतो, तरी वरच्या मजल्यावरची कुजबुज सगळ्यांना नीट ऐकू येते. तळमजल्यावरचे दाजी आले. दाजी निवृत्त आहेत आणि त्यांना दुसऱ्यांच्या अडचणी लागतात. त्यांनी सीडी उजेडात धरली, नाकाशी नेली आणि "टूथपेस्ट आण" असं नीलाला फर्मावलं. "पांढरी हं. लाल नको, लाल खरखरीत असते." सीडीला काही झालेलं नाही, दोष प्रोग्रॅममध्ये आहे, हे मी सांगेपर्यंत त्यांनी ती घासून, धुऊन, धोतराला पुसली होती. चंद्रावहिनींनी ती तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगितलं, कारण त्यांच्या भावाचा मोबाइल तसाच बरा झाला होता. खालच्या लूमचे मालक सावळारामशेठ जिन्यात थांबवून म्हणाले, "सर, कपडा उलटा लागला असंल. पलटी मारून बघा." मी त्यांना सीडीची दुसरी बाजू नसते, हे सविस्तर समजावलं. त्यांचा माल उतरवायला आलेला टेम्पो मागे हॉर्न मारत होता, तरी त्यांनी ऐकून घेतलं.

आणि एवढ्या सल्ल्यांतून वाट काढत मी खरोखरच पुढे सरकलो! आधी डिस्कचा आकार बरोबर आला. नंतर तारीख सुधारली. प्रत्येक वेळी मी स्वयंपाकघरात जाऊन नीलाला सांगत होतो आणि ती प्रत्येक वेळी माझ्या हातात निवडायला गवार देत होती. पण आतल्या फायलींची यादी काही दिसेना. एका जागी आकडा सुलटा केला की दुसरीकडचा उलटा व्हायचा. हळद जवळ आली. केसरीनाथांचा रोज फोन. "आक्का इचारते, झाला का?" आक्कांना धड बोलता येत नाही हे मला माहीत होतं. त्या नुसतं टेपरेकॉर्डरकडे बोट दाखवत असत, हे मागाहून कळलं.

शेवटी माझ्यातला मास्तर जागा झाला. वर्गात कोण बोललं हे कळलं नाही की आम्ही काय करतो? सरसकट सगळ्या वर्गाला उभं करतो. शोधत कोण बसतो! त्याच न्यायाने मी कुठला आकडा उलटा आणि कुठला सुलटा हे बघणं सोडून दिलं आणि अख्ख्या डिस्कमधला प्रत्येक तुकडा सरसकट फिरवायचा हुकूम लिहिला.

आणि यादी दिसली! आक्कांचे सगळे धवले ओळीने समोर उभे राहिले. मी खुर्चीतून उठून एकटाच टाळ्या वाजवल्या.

नावं मात्र जरा विचित्र होती. इंग्रजी अक्षरांत 'आक्का हळदी' असं असायला हवं होतं. तिथे प्रत्येक दोन अक्षरांची अदलाबदल होऊन 'काख लाइड' असं काहीतरी दिसत होतं. शहाण्या माणसाने इथे थांबून विचार केला असता, की नावात जी उलटापालट झाली ती गाण्यातही झाली असेल. मी काय केलं? वहीवरचं खोडलेलं नाव पुन्हा नीट लिहावं तशी सगळी नावं हाताने टाइप करून बदलली. वर ती दुरुस्ती व्होइचेखसाहेबांना पाठवली, खाली माझं नाव, शाळेचं नाव, आणि 'भिवंडी, जिल्हा ठाणे' असा पूर्ण पत्ता देऊन.

दुसऱ्या दिवशी फोन बंद पडला. गोदामांकडचा रस्ता रुंद करायला खणला होता, त्यात केबल गेली. फोन गेला म्हणजे इंटरनेटही गेलं. मी कचेरीत गेलो.

"तक्रार फोनवरून नोंदवा," खिडकीतले साहेब म्हणाले.

"पण फोनच बंद आहे."

"शेजाऱ्याच्या फोनवरून करा."

"शेजाऱ्याचाही बंद आहे."

"मग त्याला वेगळी तक्रार करावी लागेल," ते म्हणाले. त्यांच्या स्वरात शेजाऱ्याविषयी खरी काळजी होती.

पुढे एक लाइनमन घरी आला. त्याने आमचा फोन कानाला लावला, तो बंद असल्याचं लिहून घेतलं, माझी सही घेतली आणि गेला. म्हणजे आता सरकारदरबारी आमचा फोन रीतसर बंद होता.

तुम्ही विचाराल, सर, ते धवले एकदा वाजवून नाही का बघायचे? सगळ्या पूर्णा गावाने हेच विचारलं. तर आमच्या मुलीची, अदितीची, बारावी होती. नीलाने त्या काळात टीव्हीचा रिमोट, कॅरमची राणी आणि संगणकाचे स्पीकर कपाटात टाकून कुलूप लावलं होतं आणि किल्ली पर्समध्ये ठेवली होती. मी एकदा स्पीकर मागितले. "परीक्षा झाली की," ती म्हणाली. पुन्हा मागायचे म्हणजे विनवणी झाली. जगभरच्या लोकांसाठी प्रोग्रॅम दुरुस्त करणाऱ्या माणसाने दोन स्पीकरसाठी बायकोची विनवणी करायची? मी आवाजाविनाच धवला लावून पाहिला. पडद्यावर आवाजाची हिरवी पट्टी असते. ती पार टोकापर्यंत उसळत होती, खाली यायचं नाव नाही. काय दमदार गळा असेल आक्कांचा, असं मनात येऊन मला भरून आलं. मी सीडी बनवली आणि इस्त्रीचा झब्बा घातला.

पूर्णा गावात केसरीनाथांच्या बंगल्यासमोर मांडव होता. शेजारी त्यांचा पुतण्या धनेश याने आपला डीजे लावला होता. त्याची स्पीकरची भिंत बंगल्याच्या गॅलरीपर्यंत गेली होती. पाटावर उन्नती बसली होती, पिवळ्या साडीत. तिच्यासमोर खुर्चीत आक्का. बारीक चणीच्या, नाकात नथ, उजवा हात मांडीवर उचलून ठेवल्यासारखा. आक्का स्पीकरकडे बघत होत्या. लहान मुलं आईसफ्रूटच्या गाडीकडे बघतात, तशा.

आधी माझा सत्कार झाला. आपल्याकडे काम व्हायच्या आधी सत्कार करतात हे किती चुकीचं आहे, यावर मी एक स्वतंत्र लेख लिहू शकेन. केसरीनाथांनी माइकवरून "आमचे सर, ज्यांनी आक्काचा आवाज परत आनला" असं म्हणून मला शाल घातली आणि हातात नारळ दिला. मी दोन शब्द बोललो. म्हणजे थोरल्या आणि धाकट्या तुकड्यांचं सगळंच सांगितलं. बायकांच्या मागच्या रांगेत एक उंच, काळ्यासावळ्या आजी हाताची घडी घालून बसल्या होत्या. त्या तेवढ्या टाळ्या वाजवत नव्हत्या.

धनेशने सीडी घातली. कुणीतरी "शूऽऽ" केलं. उन्नतीच्या आत्याने हळदीत आंब्याची पानं बुडवली आणि हात वर धरला. धवला सुरू झाल्याशिवाय हळद लागत नाही.

खर्रर्रर्रर्र!

एखाद्या ट्रकमधून खडी ओततात आणि ती संपतच नाही, तसा तो आवाज होता. पोरं रडायला लागली. गोठ्यातल्या म्हशीने दावं तोडलं. धनेशला वाटलं, आवाज नीट येत नाहीये, म्हणून त्याने तो वाढवला. मी त्याच्याकडे धावलो. "दुसरं लाव! दुसरं!" धनेश माइकवर म्हणाला, "आता ऐकूया मांडवाचा धवला." खर्रर्रर्र! "नवरी निघतानाचा लाव!" खर्रर्रर्र! एवढा वेळ बंगल्याच्या काचा थरथरत होत्या, आता सोड्याच्या बाटल्यांच्या क्रेटी वाजायला लागल्या. आणि मी, गणिताचा शिक्षक, आशेने एकेक धवला लावत होतो. एकाचं उत्तर चुकलं तर त्याच रीतीने सोडवलेल्या सगळ्यांचं चुकतं, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो आहे.

तेवढ्यात माझी नजर आक्कांकडे गेली. पुढचं सांगताना मला अजूनही मान वर करवत नाही. आक्कांनी डाव्या हाताने डावा कान झाकला होता. उजवा हात उठत नव्हता. तो कान तसाच उघडा होता, आणि स्पीकरची भिंत त्याच बाजूला होती. त्यांनी रागाने पाहिलं असतं तरी चाललं असतं. त्या नुसत्या डोळे मिटून माझं संपायची वाट बघत होत्या.

उन्नती पाटावरून उठली. विधी चालू असताना नवरी पाटावरून उठत नाही. ती उठली, उठताना तिचा हात हळदीच्या ताटात टेकला, तशीच आक्कांकडे गेली आणि आपल्या हाताने तिने आजीचा उजवा कान झाकला. मग मी वायरच उपटली.

इतकी शांतता झाली, की गोदामांकडचे ट्रक ऐकू आले. "आता?" केसरीनाथांची बायको म्हणाली. हळदीचा हात तसाच वर. धवला गाणारी माणसं काही ढीगभर नसतात. सगळ्यांच्या माना मागच्या रांगेतल्या त्या उंच आजींकडे वळल्या. त्याच वळच्या पार्वतीबाई. त्याच, ज्यांना माझ्या बिस्किटादेखत 'गायला नको' असं कळवलं होतं.

"कोन जानार तिच्याकडं?" केसरीनाथ हळूच म्हणाले. मग माना पुन्हा वळल्या आणि या वेळी माझ्याकडे.

धवलारणीला नुसतं 'गा' म्हणत नाहीत. विडा-नारळ देऊन बोलावतात. विडा कुणीतरी माझ्या हातात कोंबला. नारळ शोधायला लागला नाही, माझ्या सत्काराचा होता. शाल खांद्यावर, नारळ पुढे, असा मी सगळ्या बायकांच्या मधून वाट काढत मागच्या रांगेपर्यंत गेलो.

"कोन तू?" पार्वतीबाईंनी विचारलं.

"मी... सीडीवाला."

"तुजा झाला का गावून?"

"झालं."

"नारल असा देत्यात? शेंडी बग कुनीकडं हाय."

मी नारळ फिरवला. त्यांनी पाहिलं. "आदी निदान वाकडा व्हता. आता पार उलटा केलास."

मी पुन्हा फिरवला. सगळ्या मांडवासमोर, शाल घसरत असताना, मी तो नारळ किती वेळा फिरवला ते विचारू नका. अखेर त्यांनीच तो माझ्या हातून घेतला, सुलटा केला, विडा कनवटीला लावला आणि पुढे जाऊन आक्कांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसल्या. माइक त्यांनी हातानेच बाजूला सारला.

त्या गायल्या आणि हळद लागली. मला जे कळलं ते एवढंच, की प्रत्येक ओळीआधी त्या जरा थांबत होत्या आणि आक्कांच्या तोंडाकडे बघत होत्या. उन्नतीच्या तळव्याची हळद आक्कांच्या कानाला लागून राहिली होती. नवरीच्या आधी त्यांनाच हळद लागली, असं बायका हसून म्हणाल्या.

केसरीनाथ मला लागेल असा एक शब्दही बोलले नाहीत. "जेवून जा, सर," म्हणाले. पंगतीत मला आग्रहाने वाढलं. तो घास गिळताना मला जे झालं, ते चार शिव्यांनी झालं नसतं.

लग्न पार पडल्यावर आमचा फोन आपोआप चालू झाला. इंटरनेट लावलं तर व्होइचेखसाहेबांचं पत्र कधीचं येऊन पडलेलं. मजकूर अत्यंत सभ्य होता. मदतीबद्दल मनापासून आभार, आणि फक्त एक शंका. तुमच्या दुरुस्तीने डिस्कमधलं सगळंच उलटं होतं, आकडेही आणि आतल्या गाण्यांचा मालही. आवाजाच्या फायली वाजवणारा प्रोग्रॅम त्या स्वतःहून सुलट्या करून घेतो. तुम्ही आधीच फिरवल्यात तर तो त्या पुन्हा फिरवेल आणि नुसती खरखर ऐकू येईल. कृपया ही आवृत्ती कुणाला देऊ नका. जगात इतर कुणाची फसगत होऊ नये म्हणून त्यांनी ही सूचना सगळ्यांना पाठवली होती, माझ्या नावागावासकट. भिवंडीचं नाव मी असं सातासमुद्रापार नेलं.

नीलाने ते माझ्या खांद्यावरून वाचलं. पर्स उघडली, कुलूप काढलं आणि स्पीकर माझ्यासमोर टेबलावर ठेवले. ती बोलली असती तर मला चिडता आलं असतं.

खरी दुरुस्ती अगदी लहान निघाली. आकडे असतील तिथेच फिरवायचं, बाकी माल जसा आहे तसा ठेवायचा. दोषी पोरगं शोधून तेवढ्यालाच उभं करायचं, बस. मी धवला लावला आणि आक्का गायला लागल्या. आवाज दमदार वगैरे नव्हता. पातळ, सरळ, विहिरीतून पोहरा वर यावा तसा सावकाश येणारा. आक्का एक ओळ टाकत होत्या आणि दुसरा एक आवाज ती उचलून पुढे नेत होता. तो दुसरा आवाज मी ओळखला. मांडवात, जमिनीवर बसून, माइक बाजूला सारून गायलेला तोच.

आक्का आणि पार्वतीबाई जन्मभर जोडीने गात आल्या होत्या. केसरीनाथांना ते ठाऊक होतं, गावाला ठाऊक होतं. मला नव्हतं, कारण मी फाइल किती मोठी आहे एवढंच विचारलं होतं. जिला मी गायला नको म्हणवलं, तिचाच आवाज त्या सीडीवर अर्धा होता. मी स्पीकर बंद केले.

तरी सीडी नेऊन देणं भाग होतं. पूर्णा गावात पोचलो तर बंगल्याच्या ओटीवर आक्का खुर्चीत आणि पार्वतीबाई खाली पाट टाकून बसलेल्या. हळदीपासून त्या वळहून येऊन आक्कांशेजारी बसतात, असं केसरीनाथांनी सांगितलं. मला बघताच पार्वतीबाईंनी आपला हात आक्कांच्या उजव्या कानाशी नेला. कान झाकायची तयारी.

"या वेळी नक्की बरोबर आहे," मी म्हणालो. स्वतः दोनदा ऐकून आलो होतो.

प्लेअर लावला. आक्कांचा आवाज ओटीवर आला. स्वच्छ. केसरीनाथ उभे होते ते खाली बसले. आक्का ऐकत होत्या. एक कडवं झालं, दुसरं सुरू झालं. मला वाटलं, आता सगळं फिटलं. मग आक्कांनी डावा हात पुढे केला, प्लेअर चाचपडला, आणि बटण दाबून ते बंद केलं.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं. "परत बिघडलं?"

"न्हाय रं," पार्वतीबाई म्हणाल्या. "पन मशीन थांबत न्हाय. तिला आता मदी दम खावा लागतो."

आक्कांनी तोंड उघडलं. सूर नव्हता, शब्द नव्हता, नुसती हवा बाहेर आली आणि शेवटी एक घोगरा धागा. तेवढीच त्यांची ओळ. पार्वतीबाई वाट बघत राहिल्या. किती तरी वेळ. आक्कांचा दम पुरा झाला तेव्हा त्यांनी ती ओळ उचलली आणि शेवटपर्यंत नेली. मग पुन्हा थांबल्या.

मी वायर हातात घेऊन उभा होतो. केसरीनाथ जवळ आले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि कुजबुजले, "सर, बरा झाला त्या दिवशी तुमचा बिगडला. न्हायतर पार्वती आतेला आमी परत बोलावला नसता."

मला बरं वाटावं म्हणून ते म्हणाले असते तर मी काही वाटून घेतलं नसतं. पण ते अगदी मनापासून म्हणाले. मी वायर गुंडाळली, आक्कांना नमस्कार केला, आणि गेटाबाहेर येऊन हेल्मेट घातलं.